टिटवे कोणी धरायचे? : पोसणाऱ्यांच्या हक्काचा एक इतिहास

१

"सर, माझ्या भावाला ते घेऊन जातील का?"

बी. ए. च्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थिनीने तास संपल्यावर मला हा प्रश्न विचारला. मी इतिहास शिकवतो. घरगुती भानगडीत मास्तराने किती पडावे याचे काही संकेत असतात, म्हणून मी आधी टाळाटाळ केली. पण ती जागची हलेना. मग सगळी हकीकत कळली.

ती ज्याला भाऊ म्हणते तो तिच्या आईच्या पोटचा नाही. सोलापुरात यंत्रमागाच्या कारखान्यात तिचे वडील ज्या मागावर काम करतात, त्याच्या शेजारच्या मागावर या मुलाचे वडील होते. दोघांच्या खोल्या एकाच चाळीत. मुलगा तीन वर्षांचा असताना त्याची आई वारली. बाप पाळीवर गेला की पोर या बाईकडे. बिड्या वळता वळता तिने त्याला भरवले, निजवले, अंगणवाडीत घातले. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत बापही गेला. त्या दिवसापासून मुलगा या घरचाच. आज तो अकरा वर्षांचा आहे. गेल्या वर्षी गावाकडून त्याचा चुलता आला. 'रक्ताचं नातं आमचं, पोरगं आम्ही दत्तक घेतो, तुम्ही कोण?' असे म्हणू लागला. कोरोनात आईबाप दोन्ही नाहीसे झालेल्या मुलांच्या नावे शासनाने पाच लाखांची ठेव ठेवली आहे. तशी या मुलाच्याही नावावर आहे. चुलत्याला पोर आठवले की ठेव आठवली, हे मला ठाऊक नाही. माणूस वाईटच असेल असे मी धरून चालत नाही. पण तीन वर्षे त्याने पोराची चौकशी केली नव्हती, एवढे खरे.

मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा ती माउली म्हणाली, "आठ वर्सं हातानं भरवलं, सर. आन आता इचारत्यात, कागद कुठाय?"

या प्रश्नाचे कायद्यातले उत्तर मी एका वकील मित्राच्या मदतीने शोधले. ते पुढे देतो. पण शोधता शोधता माझ्या ध्यानात आले की प्रश्न केवळ कायद्याचा नाही. पोसणारा मोठा की रक्ताचा मोठा, हा वाद या देशात जुना आहे आणि त्याचा निवाडा नेहमी मिळकत, जात आणि पिंड या तीन गोष्टींकडे बघून झाला आहे. पोराकडे बघून क्वचितच झाला. आपल्या चळवळीच्या थोर पूर्वजांच्या तिरडीपुढेही हाच वाद उभा राहिला होता. म्हणून हा लेख.

२

दत्तक या शब्दाभोवती आज मायेचे वलय आहे. इतिहासात ते नव्हते. धर्मशास्त्रात दत्तक होता तो बापाच्या सोयीसाठी. पुत्राने पिंड द्यायचा, बापाला नरकातून तारायचे आणि कुळाचे नाव चालवायचे. पोटचा पुत्र नसेल तर दुसऱ्याचा आणून ही जागा भरायची. दत्तक हा औरस पुत्राची छाया असला पाहिजे, असा शास्त्रकारांचा आग्रह होता. त्यातूनच पुढचे सगळे नियम निघाले. मुलगा आपल्याच जातीचा हवा. द्विजांमध्ये बहिणीचा किंवा मुलीचा मुलगा चालणार नाही, कारण त्याच्या आईशी दत्तक घेणाऱ्याचे लग्न होऊ शकले नसते. मुलगी दत्तक घेण्याचा प्रश्नच नाही, कारण मुलगी पिंड देत नाही. नायकिणींमध्ये मुलगी दत्तक घेण्याची रूढी होती, ती १८८० साली मुंबई हायकोर्टाने अमान्य केली.

या व्यवस्थेतला सर्वांत क्रूर नियम मात्र अनाथाविषयीचा आहे. दत्तक 'द्यावा' लागतो, आणि देण्याचा अधिकार फक्त बापाला व त्याच्यामागे आईला. दोघेही मेले असतील तर त्या पोराला देणारा कोणी उरत नाही. भाऊ देऊ शकत नाही, चुलता देऊ शकत नाही. म्हणून अनाथ मुलगा दत्तक जाऊच शकत नाही! एखाद्या जातीची वेगळी रूढी सिद्ध झाली तरच अपवाद. इंग्रजी न्यायालयांनी हेच शास्त्र हिंदू कायदा म्हणून उचलून धरले. म्हणजे ज्या पोराला आईबापाची सर्वांत जास्त गरज, त्यालाच कायद्याने आईबाप मिळायची बंदी. ज्याचे आईबाप जिवंत आहेत, ज्याचे कुळ ठाऊक आहे, त्याच्यासाठी मात्र सारे दरवाजे उघडे.

शाळेच्या पुस्तकात दत्तकाचा जो इतिहास येतो, तो गाद्यांचा. सातारच्या गादीवरचा दत्तक नाकारून इंग्रजांनी १८४८ साली ते राज्य खालसा केले. दुसऱ्या बाजीरावाचा दत्तक पुत्र नानासाहेब याला पेन्शन नाकारले. झाशीचा दत्तक नाकारला. १८५७ च्या उठावामागे ही नाराजी होती हे आपण मुलांना शिकवतो. पुढे इंग्रजांचे धोरण बदलले. १८७५ साली कवळाण्याचा एक मुलगा बडोद्याच्या गादीवर सयाजीराव झाला. १८८४ साली कागलच्या घाटग्यांचा मुलगा कोल्हापूरच्या गादीवर शाहू छत्रपती झाला. ही दोन्ही दत्तके बहुजनांच्या भाग्याची ठरली, हे मान्यच आहे. पण गादीला वारस हवा म्हणून जेवढी कागदपत्रे लिहिली गेली, त्याच्या शतांशही शाई झोपडीतल्या पोरक्या पोरासाठी खर्ची पडली नाही.

शूद्रांच्या दत्तकाला होमहवन लागत नाही, असे न्यायालये सांगत. देणे आणि घेणे झाले की पुरे. वरवर पाहता ही सवलत वाटते. प्रत्यक्षात आमच्या वाड्यावस्त्यांवर साक्षीला भट नाही, लिहायला कारकून नाही, आणि पुढे वाद निघाला की दाखवायला कागद नाही, अशी तिची गत झाली. आमच्याकडे पोर 'दत्तक घेत' नसत, 'ठेवून घेत'. दुष्काळात, पटकीत, प्लेगात ज्यांची माणसे गेली त्यांची पोरे शेजारणीच्या चुलीशी वाढली. ही आमची संस्कृती होती, पण कायद्याच्या दप्तरात तिला नाव नव्हते.

३

आता जोतीराव आणि सावित्रीबाई यांच्याकडे येऊ.

१८६३ साली या दांपत्याने पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. केशवपन झालेल्या, घरातल्याच पुरुषांच्या अत्याचाराने गरोदर राहिलेल्या ब्राह्मण विधवांपुढे तेव्हा दोनच वाटा असत. पोर मारायचे, नाहीतर स्वतः मरायचे. फुल्यांनी तिसरी वाट काढली. येथे येऊन गुपचूप बाळंत व्हा, पोर न्यायचे तर न्या, ठेवायचे तर ठेवा. १८७४ च्या सुमारास काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा या घरी बाळंत झाली. तिच्या मुलाची नाळ सावित्रीबाईंनी आपल्या हाताने कापली. तोच यशवंत. फुल्यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी त्याला आपला केला.

ही कथा आपण भाषणात नेहमी सांगतो आणि औदार्यापाशी थांबतो. माझ्या मते खरी गोष्ट तेथून पुढे सुरू होते. जरा वकिली नजरेने बघा. मुलगा ब्राह्मण विधवेचा, दत्तक घेणारा माळी. मुलाला कायदेशीर बाप नाही. मग त्याला 'देणार' कोण? जात एक नाही. शास्त्र आणि त्या वेळचे हायकोर्ट या दोहोंच्या कसोटीवर हे दत्तक टिकणे फार कठीण. फुल्यांचे सख्खे भाऊबंद मात्र हयात होते. त्यांचे रक्त एक, जात एक आणि शास्त्र त्यांच्या बाजूचे.

जोतीरावांना हे पक्के ठाऊक असले पाहिजे. म्हणूनच त्यांनी दत्तकाच्या शास्त्रावर भिस्त ठेवली नाही. १० जुलै १८८७ रोजी त्यांनी इच्छापत्र केले आणि ते सरकारदरबारी नोंदवले. स्वकष्टार्जित मिळकतीची विल्हेवाट माणूस आपल्या इच्छेने लावू शकतो, एवढा एक आधार कायद्यात होता. तो त्यांनी पकडला. यशवंताला सावित्रीबाईंनी जन्मापासून पोटच्या मुलाप्रमाणे वाढवले आहे हे त्यांनी त्यात नमूद केले, मिळकतीवर त्याचा हक्क लिहून ठेवला आणि भावकीला त्यातून दूर ठेवले. आणखी एक कलम तर आजही विचार करायला लावणारे आहे. यशवंत पुढे नालायक निघाला, तर शूद्र मानलेल्या जातींतून एखादा हुशार, लायक मुलगा निवडून त्याला वारस करावे. म्हणजे पोटचा नाही म्हणून त्याला कमी लेखले नाही, आणि वारस म्हणून निरंकुशही सोडले नाही. रक्ताच्या जागी लायकी आणि सांभाळ ही नवी कसोटी त्यांनी एका नोंदणी कार्यालयातल्या कागदावर उभी केली. 'सत्यशोधक' या शब्दाचा व्यवहारातला अर्थ मला या कागदात दिसतो.

पण कागद मिळकतीपुरता चालतो, समाज स्मशानात निकाल देतो. यशवंत विधवेचा मुलगा म्हणून त्याला मुलगी द्यायला लोक कचरत होते. शेवटी १८८९ च्या फेब्रुवारीत ग्यानोबा ससाणे यांनी आपली मुलगी राधा त्याला दिली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले. आपल्याला मिठात पुरावे अशी त्यांची इच्छा होती. परवानगी मिळाली नाही, दहन करायचे ठरले. तिरडीपुढे टिटवे कोणी धरायचे? जो टिटवे धरील तो वारस, अशी रूढी. यशवंत पुढे झाला तेव्हा पुतण्याने हरकत घेतली. हा दत्तक, हा आमच्या रक्ताचा नव्हे! प्रेत उठवायचे राहिले आणि हक्काचा वाद सुरू झाला.

तेव्हा सावित्रीबाई पुढे आल्या. टिटवे त्यांनी स्वतःच्या हाती घेतले, प्रेतयात्रेच्या पुढे चालल्या आणि अग्नीही त्यांनीच दिला. त्या काळात बाईने स्मशानात जाणेसुद्धा निषिद्ध होते. आपण या प्रसंगाकडे स्त्रीमुक्तीचा क्षण म्हणून बघतो, आणि ते खरेच आहे. पण तो ज्या भांडणातून उभा राहिला ते भांडण विसरू नये. पोसलेल्या मुलाचा हक्क भाऊबंदांनी नाकारला, त्याला पोसणाऱ्या आईने दिलेले ते उत्तर होते. सात वर्षांनी पुण्यात प्लेग आला. डॉक्टर झालेल्या यशवंताच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई गेल्या. रक्ताचे नसलेले मायलेक अखेरपर्यंत एका कामात होते.

४

हे पुण्याचे झाले. आमच्या सोलापूर जिल्ह्याचा हिशोबही या ठिकाणी मांडला पाहिजे.

पंढरपूर हे वारकऱ्यांचे माहेर. त्याच पंढरपुरात विधवा येत, चंद्रभागेच्या काठी बाळंत होत आणि पोर टाकून किंवा मारून जात. १८७५ साली तेथे प्रार्थना समाजाच्या मंडळींनी बालहत्या प्रतिबंधक गृह आणि अनाथाश्रम काढला. तेथे न्यायाधीश असलेले लालशंकर उमियाशंकर हे त्यात पुढे होते. फुल्यांच्या घरातला प्रयोग बारा वर्षांनी आमच्या जिल्ह्यात संस्थेच्या रूपाने आला. जीव वाचवण्याचे त्याचे काम मोठे होते. पण वाचलेले पोर कोणाचे, या प्रश्नाला आश्रमही उत्तर देऊ शकत नव्हता. मघाशी सांगितलेला नियम आडवा येतच होता. देणारा आईबाप नाही, म्हणून दत्तक नाही.

दुसरी संस्था सोलापूर शहरातली. सेटलमेंट. येथे पोरे वाचवण्याचा नव्हे, पोरे तोडण्याचा कायदा होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून वेगळी करून सुधारगृहात टाकण्याचा अधिकार सरकारला दिला. १९११ आणि १९२४ च्या कायद्यांतही मुले तोडण्याचे कलम राहिले. सोलापूरची वसाहत मुंबई इलाख्यातल्या मोठ्या वसाहतींपैकी एक होती. कैकाडी, टकारी, पारधी, भामटे अशा जमातींची माणसे तारेच्या कुंपणात राहत, हजेरी देत आणि गिरण्यांना स्वस्त मजूर म्हणून मिळत. या लोकांचे संस्कारच वाईट, म्हणून पोरे त्यांच्या हाती ठेवू नयेत, असा या कायद्याचा युक्तिवाद. १९४९ साली मुंबई प्रांतात आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर हा कायदा गेला.

मला येथे एक विसंगती दाखवायची आहे. सवर्णांच्या मिळकतीचा प्रश्न येतो तेव्हा रक्ताचे नाते इतके पवित्र की पोसणारा परका ठरतो. आणि भटक्याविमुक्तांचा प्रश्न येतो तेव्हा तेच रक्ताचे नाते इतके हलके की सुपरिंटेंडंटच्या एका हुकमाने आईच्या कुशीतून पोर काढता येते. म्हणून 'पोसणाऱ्याचा हक्क' असे आपण म्हणतो तेव्हा सावध राहिले पाहिजे. सरकार किंवा एखादी संस्था उद्या म्हणेल की पारध्याच्या पालातल्या पोराला आम्ही अधिक चांगले पोसू, तर तो फुल्यांचा वारसा होणार नाही, सेटलमेंटचा होईल. जिवंत, सांभाळायला तयार असलेल्या आईबापांपासून गरिबीच्या कारणाने पोर तोडणे आणि पोरक्याला पदराखाली घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याच शहरात तिसरे एक घर होते. ४ जानेवारी १९२५ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सभेचे हे पहिले वसतिगृह. येथे आईबापांपासून पोर तोडायचे नव्हते, आईबापांच्या वतीने शिकवायचे होते. कुंपण आणि वसतिगृह, दोन्हींत दुसऱ्यांची मुले वाढली. एकात सत्तेने आणि दुसऱ्यात समाजाने. पोसणे म्हणजे काय, याची व्याख्या करायची झाली तर या दोन इमारतींतला फरक पुरेसा आहे.

५

माझ्या घरची एक गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती विषयाला धरून आहे. माझे वडील माझ्या आजोबांच्या पोटचे नव्हते. गिरणीतल्या सोबत्याचे पोर, आईबाप गेल्यावर आजोबांनी ठेवून घेतले. शाळेच्या दाखल्यावर बापाचे नाव म्हणून आजोबांचेच लागले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने रद्द झाली आणि महार वतनाच्या जमिनी पुन्हा वतनदारांच्या नावे करून देण्याची तरतूद झाली, तसा आजोबांच्या वाट्याचा तुकडा त्यांच्या नावे झाला. ते वारल्यावर वारसनोंदीच्या वेळी भावकी उभी राहिली. 'हा पोसलेला, ह्याचं काय?' दत्तकपत्र नव्हते, देण्याघेण्याचा साक्षीदार उरला नव्हता. वडिलांनी सही करून हक्क सोडला. ते कधी याविषयी बोलले नाहीत. मी पदवीधर झालो त्या दिवशी मात्र म्हणाले, "ही नोंद कुणी खोडू शकत न्हाई."

बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलाची आपण वारसा आणि घटस्फोट यांसाठी आठवण काढतो. दत्तकाचे प्रकरणही त्यात होते. जुन्या कायद्यात विधवेने घेतलेला दत्तक हा नवरा मेला त्या दिवसापासूनच मुलगा मानला जाई, आणि मधल्या काळात मिळकत ज्यांच्याकडे गेली त्यांच्या हातून, खुद्द त्या विधवेच्याही हातून, ती काढून घेई. बिलाने याला लगाम घालायचे ठरवले. बिल अडवले गेले, बाबासाहेबांनी १९५१ साली राजीनामा दिला, आणि पुढे तुकड्यातुकड्यांनी जे कायदे झाले त्यांत १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आला. त्याने पिंडाची जागा रिकामी केली. जातीची अट गेली. मुलगी दत्तक घेता येऊ लागली. दत्तक मुलामुळे आधी कोणाच्या नावे झालेली मिळकत हिरावली जाणे थांबले. कायदा बौद्धांनाही लागू झाला. आणि अनाथाविषयीचा तो जुना नियमही मोडला. न्यायालयाची आधी परवानगी घेऊन पालक मुलाला दत्तक देऊ शकतो, ही तरतूद आली, आणि १९६२ च्या दुरुस्तीने टाकून दिलेल्या व आईबाप अज्ञात असलेल्या मुलांसाठी ती रुंदावली. शास्त्राने शेकडो वर्षे बंद ठेवलेले दार लोकशाहीच्या पहिल्या पंधरा वर्षांत उघडले. फुल्यांना जे इच्छापत्राच्या आडवाटेने साधावे लागले, त्याला आता राजरस्ता झाला.

६

मग त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर काय? कार्यकर्त्यांना उपयोगी पडावे म्हणून मुद्द्यांनिशी सांगतो.

एक. केवळ पोसल्याने दत्तक होत नाही. आठ वर्षे सांभाळा नाहीतर अठरा, प्रत्यक्ष देणे आणि घेणे झाले नसेल, आणि देणारा कायद्याने लायक नसेल, तर ते दत्तक शून्य. पोसणाऱ्यांना हे ऐकायला कडू लागते, पण ठाऊक असलेले बरे.

दोन. हाच नियम चुलत्यालाही लागू आहे. आईबाप दोन्ही वारले असताना चुलता उठून नोटरीसमोर स्टँपपेपरवर दत्तकपत्र करील, तर त्या कागदाला किंमत नाही. चुलता म्हणून त्याला मुलगा आपोआप मिळत नाही. न्यायालयाने नेमलेला पालक आणि न्यायालयाची परवानगी, ही वाट त्यालाही चुकत नाही. बालन्याय कायद्यात, म्हणजे २०१५ च्या कायद्यात, चुलता, आत्या, मामा, मावशी, आजी, आजोबा यांना नातेवाईक म्हणून दत्तक घेण्याची वेगळी वाट आहे. तेथेही बालकल्याण समिती आणि आता जिल्हाधिकारी यांच्या हाताखालून जावे लागते. २०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचे आदेश देण्याचे काम न्यायालयाकडून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे गेले आहे.

तीन. पोसणाऱ्यांचे खरे हत्यार १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात आहे. जोतीराव वारले त्याच वर्षीचा हा कायदा! पालक नेमावा असा अर्ज नातेवाईक करू शकतो, तसा मुलाचा 'मित्र'ही करू शकतो. म्हणजे शेजारीण अर्ज करू शकते. अर्ज कोठे? मूल नेहमी जेथे राहते तेथल्या जिल्हा न्यायालयात. चुलत्याच्या गावी नव्हे, सोलापुरात. न्यायालयाने बघायचे ते मुलाचे हित. नात्याची जवळीक हा त्यातला एक मुद्दा आहे, एकमेव नाही. अर्जदाराचे शील, त्याची कुवत, मुलाशी आधीपासून असलेले संबंध आणि समजत्या वयाच्या मुलाची स्वतःची इच्छा, हेही कायद्यानेच सांगितले आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने तर मुलाचे हित सर्वोपरी ठरवले. २०२४ साली ओडिशातल्या एका प्रकरणात जन्मदात्या बापाने मुलीचा ताबा मागितला असतानाही सर्वोच्च न्यायालयाने तिला जेथे ती वाढली तेथेच ठेवले आणि मूल म्हणजे वस्तू नव्हे असे बजावले.

चार. पालक नेमले गेल्यावर दत्तकाचा विचार करता येतो. या दांपत्याला एक मुलगी आहे, मुलगा नाही, म्हणून १९५६ च्या कायद्याने मुलगा दत्तक घ्यायला अडचण नाही. मात्र या कायद्यात वयाची मर्यादा पंधरा वर्षे आहे, रूढी वेगळी नसेल तर. मुलगा अकरा वर्षांचा आहे. म्हणजे वेळ थोडा आहे.

पाच. सरकारमान्य प्रतिपालकत्व हे दत्तक नव्हे. त्यातून वारसा मिळत नाही. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी मात्र दोन वर्षे सांभाळ केलेल्या प्रतिपालक कुटुंबाला दत्तकाची वाट दिली आहे. पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती. पण आमच्या बायका बालकल्याण समितीच्या नोंदीशिवायच पोरे सांभाळतात. नोंद नाही तर मुदत कोठून मोजणार? महाराष्ट्रात पोरक्या मुलांच्या सांभाळासाठी बालसंगोपन योजना आहे. २०२३ साली तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले आणि रक्कम मुलामागे महिना २,२५० रुपये केली. टिटवे हाती घेणाऱ्या त्या माउलीचे नाव तिला शोभते. पैशाचा मोह म्हणून नव्हे, तर 'हे मूल आमच्याकडे आहे' याची सरकारी नोंद म्हणून या योजनेकडे बघावे. पुढे वाद निघाला तर तीच नोंद साक्षीला येते.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही, आणि ती आपल्या समाजाच्या जिव्हाळ्याची आहे. जातीचा दाखला. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, बापाकडचा पुरावा मागतात. दारिद्र्यातून एका जातीच्या घरातले पोर दुसऱ्या जातीच्या घरात वाढते, तेव्हा त्याला पोसणाऱ्यांचे अपमान वाट्याला येतात पण दाखला येत नाही. आणि दाखल्याचे कागद कोणाच्या पेटीत असतात? चुलत्याच्या. या प्रकरणातही चुलत्याने हेच सांगून पाहिले, 'कागद पाहिजे तर पोर इकडं पाठवा.' २०१८ साली राज्याने अनाथांना एक टक्का आरक्षण दिले, ते चांगलेच. पण जात ठाऊक असलेल्या, शेजाऱ्याने पोसलेल्या मुलाची अडचण त्याने सरत नाही. कोणाकडे वाढतो यावरून मुलाची जात हिरावली जाऊ नये आणि कागदासाठी त्याचा सौदाही होऊ नये, यासाठी आईवडिलांच्या मृत्यूबरोबरच मुलाचे कागद न्यायालयाने ताब्यात घेऊन त्याच्या पालकाकडे देण्याची सोय हवी.

७

काही मित्र मला म्हणतील, इतक्या मोठ्या लढ्यांच्या काळात एका पोराचे काय घेऊन बसलात? मला तसे वाटत नाही. वर्णव्यवस्था जन्मावर उभी आहे. कोणाच्या पोटी आलास, हा तिचा पहिला आणि शेवटचा प्रश्न. कोणी वाढवले, हा प्रश्न ज्या दिवशी समाज विचारू लागेल त्या दिवशी तिचा एक खांब हलेल. यशवंताच्या बाबतीत फुले दांपत्याने तो हलवला होता. आपण त्यांच्या पुतळ्याला हार घालतो, आणि चाळीत तेच भांडण निघाले की 'रक्त ते रक्तच' म्हणून मोकळे होतो. यात आपल्यातले चांगले शिकलेलेही येतात.

म्हणून वस्तीवर काम करणाऱ्यांना माझी विनंती आहे. आपल्या वस्तीत ठेवून घेतलेली मुले किती, याची यादी करा. त्यांच्या पोसणाऱ्या आयांना बालकल्याण समितीपुढे न्या, नोंद करवा. चौदा वर्षे उलटायच्या आत पालकत्वाचा अर्ज करवा. विधी सेवा प्राधिकरणाकडे फुकट वकील मिळतो, तो मागा. आणि नातेवाईक आले तर त्यांना हाकलू नका. चुलत्याला, मामाला मुलाला भेटू द्या. मुलाला दोन घरे असली तर काही बिघडत नाही. बिघडते ते एका घराने दुसरे घर पुसून टाकले म्हणजे.

सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात त्या माउलीचा अर्ज दाखल झाला आहे. निकाल लागायचा आहे. न्यायाधीशांनी मुलाला आत बोलावून विचारले तर काय सांगशील, असे मी त्याला विचारले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काकाकडं दिवाळीला जाईन. पण शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव हेच ठेवा म्हनावं."